विंगेतल्या कामाचे दप्तर

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक झाले की आभारप्रदर्शन होते, आणि आभारप्रदर्शनात एक वाक्य हमखास येते : ‘पडद्यामागे राबणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आम्ही ऋणी आहोत.’ प्रेक्षक तोवर चपला शोधू लागलेले असतात. त्या अज्ञात हातांपैकी दोन हात बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या एखाद्या मुलाचे वा मुलीचे असतात. तालमीला सर्वांच्या आधी येऊन खडूने जमिनीवर दारे-खिडक्या आखावयाच्या, संहिता मांडीवर घेऊन विसरलेले शब्द पुरवावयाचे, दुसऱ्या अंकातले पत्र, चष्मा आणि पानाचे तबक ज्याच्या त्याच्या हाती नेमक्या क्षणी द्यावयाचे, ही सारी कामे हे मूल बिनबोभाट करीत असते. नटांची नावे पत्रिकेत ठळक टाइपात येतात. याचे नाव ‘रंगमंच साहाय्य’ या सदराखाली शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर.

आता यांतील काही मुलांच्या मनाने असे घेतले आहे की, हेच काम रीतसर शिकावे. गेल्या काही वर्षांत इंदुरातल्या निरनिराळ्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे आला. मुख्याध्यापकाच्या टेबलावर वैद्यक, अभियांत्रिकी, सनदी लेखापाल यांचे अर्ज येतात, ते डोळे मिटूनही भरता येतील. ‘स्टेज मॅनेजमेंट शिकायचे आहे, पोर्टफोलिओ मागतात, तो काय असतो?’ या प्रश्नाने मात्र प्रथम मलाच अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासातून आणि नंतरच्या अनुभवातून जे हाती आले, ते येथे मांडतो.

प्रथम हे काम कोणते, ते स्पष्ट असावे. कारण पालकांची समजूत बहुधा ‘खुर्च्या-टेबले उचलणे’ येथेच थांबते. दिग्दर्शक नाटक बसवतो. बसवलेले नाटक प्रत्येक प्रयोगात तसेच्या तसे उभे राहील, ही जबाबदारी रंगमंच व्यवस्थापकाची. तालमींचे वेळापत्रक, नटांच्या हालचालींची नोंद, प्रॉपर्टीची मांडणी, दिवे व ध्वनी यांच्या प्रत्येक बदलाचा इशारा, हे सारे त्याच्या हातून जाते. इंग्लंड-अमेरिकेच्या व्यावसायिक रंगभूमीवर पहिल्या प्रयोगानंतर दिग्दर्शक बहुधा मोकळा होतो आणि पुढे नाटक चालते ते या माणसाच्या आवाजावर. अमेरिकेत १९१३ साली स्थापन झालेल्या नटांच्या संघटनेत रंगमंच व्यवस्थापकही सभासद असतात, यावरून तेथे या कामाला काय मान आहे ते कळते. आपल्या परंपरेतला सूत्रधार रंगमंचावर येऊन बोलतो. हा विंगेतला सूत्रधार प्रकाशयोजनाकाराच्या आणि ध्वनिसंयोजकाच्या कानांत बोलतो, एवढाच काय तो फरक.

मराठी रंगभूमीला हे काम नवे नाही, फक्त त्याची दखल नवी आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी झाला, तोही महाराष्ट्राबाहेर, दिल्लीत. मो. ग. रांगणेकरांचे दिग्दर्शन, फिरता रंगमंच, आणि एकाच नाटकात प्रभाकर पणशीकर पाच निरनिराळ्या रूपांत. पणशीकरांचे कौतुक आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस तोंड भरून सांगितले आहे. परंतु एक प्रवेश संपतो आहे, रंगमंच फिरतो आहे, आणि नट विंगेत शिरून दुसरा माणूस होऊन बाहेर पडतो आहे, या मधल्या काळात पोशाख हाती धरून कोण उभे होते, रंगमंच फिरवण्याचा इशारा कोण देत होते, हे किती जणांना सांगता येईल? प्रश्न कृतज्ञतेपुरता असता तर मी येथे काढला नसता. त्या हातांनी काय केले याचा कागद सहसा मागे उरत नाही, आणि आजच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी तीच आहे.

संस्थांविषयी थोडक्यात सांगतो. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने सुरू केले, १९७५ पासून ते स्वायत्त आहे. तेथे पदवीनंतर जावे लागते, आणि नाट्यप्रयोगांतल्या प्रत्यक्ष सहभागाचा अनुभव दाखवावा लागतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नाट्यविभाग आहे. हैदराबाद विद्यापीठात, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, भोपाळच्या मध्य प्रदेश नाट्य विद्यालयात रंगभूमीचे शिक्षण मिळते. आपल्याकडे रंगमंच व्यवस्थापन हा बहुधा त्या शिक्षणाचा एक भाग असतो. परदेशी मात्र बारावीनंतर थेट याच विषयाची पदवी घेता येते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, जेथे नाट्यविषयक पदवीशिक्षण १९१४ पासून चालू आहे, तशी सोय आहे. लंडनच्या गिल्डहॉल आणि रॉयल सेंट्रल या संस्थांतही आहे. अभिनयाच्या उमेदवाराने स्वगत म्हणून दाखवावयाचे असते. व्यवस्थापनाच्या उमेदवाराने मुलाखतीत आपल्या कामाचे कागद पुढे ठेवावयाचे असतात. या कागदांच्या जुडग्यालाच पोर्टफोलिओ म्हणतात. मी त्याला दप्तर म्हणतो. शाळेच्या अर्थानेही आणि पेशव्यांच्या अर्थानेही.

आमच्या शाळेतून बारावी झालेली एक विद्यार्थिनी परदेशी अर्ज करावयास निघाली, तेव्हा तिच्यापाशी चार वर्षांचे काम होते आणि कागद एकही नव्हता. मंडळाची तीन नाटके, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या दोन एकांकिका. प्रत्येक वेळी ही विंगेत. बायोडाटात तिने लिहिले होते, ‘नाटकांमध्ये मदत केली.’ आदल्या वर्षीच्या नाटकाचे बाड, ज्याच्या समासात तिच्या हातच्या सर्व खुणा होत्या, मंडळाच्या कपाटाची साफसफाई झाली तेव्हा रद्दीत गेले होते. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. नाटक संपले म्हणजे बाडाचे काम संपले, असेच आपण सारे मानत आलो आहोत.

स्मरणातून जुने कागद ‘तयार’ करावेत, असा सल्ला तिला एका हितचिंतकाने दिला. तो तिने मानला नाही, हे फार बरे झाले. कारण दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत असले कागद उघडे पडतात. सुदैवाने त्या वर्षी मंडळ ‘मोरूची मावशी’ बसवीत होते. तिने पहिल्या तालमीपासून नव्याने सुरुवात केली आणि अर्ज एक वर्ष पुढे ढकलला. घरच्यांना ते वर्ष ‘वाया’ वाटले. माझ्या मते चार वर्षांत सर्वाधिक शिक्षण त्याच एका वर्षात झाले.

तिच्या दप्तराचा गाभा म्हणजे बाड. परदेशी त्याला प्रॉम्प्ट बुक म्हणतात. जाड पुठ्ठ्याची, कड्या असलेली फाइल घ्यावयाची. संहितेचे प्रत्येक पान एका बाजूस, आणि समोरच्या पानावर रंगमंचाचा लहानसा नकाशा. कोण कोठून आला, कोठे बसला, कोणत्या शब्दावर उठला, हे नकाशावर बाणांनी आणि पात्रांच्या आद्याक्षरांनी टिपावयाचे. येथे एक नियम नवशिक्यांना चकवतो : उजवे-डावे हे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे, प्रेक्षकांचे नव्हे. नोंदी पेन्सिलीने कराव्यात. दिग्दर्शक आज सोफ्यावर बसवील आणि उद्या खिडकीपाशी उभे करील; शाईने लिहिणारा तिसऱ्या दिवशी रडकुंडीस येतो.

त्यानंतर येतात ते इशारे. दिव्यांच्या बदलांना आकडे आणि ध्वनीच्या बदलांना अक्षरे देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामुळे गोंधळ टळतो. प्रत्येक इशाऱ्याचे दोन भाग : थोडे आधी ‘स्टँडबाय’, आणि नेमक्या क्षणी ‘गो’. ‘गो’ हा शब्द नेहमी शेवटी येतो, ‘लाइट बारा, गो’ असा. आणि प्रयोग चालू असताना हा शब्द अन्य कोणत्याही कारणाने उच्चारावयाचा नाही, कारण दिव्यापाशी बसलेला माणूस तो ऐकताच बटण सरकवतो. इशारा संवादातल्या शब्दावरच द्यावा असेही नाही. नायिका भिंतीवरचे बटण दाबते आणि खोली उजळते, अशा ठिकाणी तिच्या बोटाकडे डोळा हवा. ती वाक्य विसरली तरी बोट बटणाकडे जाईलच. शब्दाची वाट पाहणारा तेथे फसतो. त्या मुलीने बाडात अशा जागी एक लहान डोळा काढून ठेवला होता. शिष्टसंमत खूण ती नव्हे, परंतु खुणांची सूची पहिल्याच पानावर दिलेली असल्यामुळे परक्या माणसालाही ते पान वाचता येत होते. परीक्षक तेच पाहतात : आज तुम्ही आजारी पडलात, तर हे बाड घेऊन दुसऱ्या कोणाला नाटक चालवता येईल काय?

‘मोरूची मावशी’त पुरुषाने साडी नेसून मावशी व्हावयाचे, त्यामुळे कपडेबदलाचा तक्ता हा त्या दप्तरातला दुसरा मोलाचा कागद ठरला. बदल कोणत्या विंगेत, हाताशी किती वेळ, साडी आधीच शिवून ठेवलेली की नेसावयाची, पिना कोणाच्या हाती, केसांचा टोप कोण धरणार, उतरलेले कपडे कोठे जाणार, असे सारे त्यात होते. पहिल्या तालमीतला वेळ आणि शेवटच्या रंगीत तालमीतला वेळ शेजारी-शेजारी लिहिलेले होते. ते दोन आकडेच सारे काही बोलत होते. प्रॉपर्टीच्या टेबलाचे एक छायाचित्र होते : टेबलावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आखलेली आणि नाव लिहिलेले, म्हणजे अंक सुरू होण्यापूर्वी एखादी जागा रिकामी असेल तर अंधारातही समजावे. रंगमंचाचा प्रमाणबद्ध आराखडा होता. अमेरिकेत अर्ध्या इंचास एक फूट हे प्रमाण सर्रास वापरतात, इंग्लंडात पंचविसास एक. तिने भूमितीच्या पेटीतल्या पट्टीने आखला होता, आणि तो पुरेसा ठरला.

तालमींच्या अहवालांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तेथे प्रश्न भाषेचा आहे आणि भाषा हा माझा विषय. प्रत्येक तालमीनंतर एक पान लिहावयाचे असते : केव्हा सुरू झाली, केव्हा संपली, कोण आले, कोणते प्रवेश घेतले, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी यांच्यासाठी कोणत्या सूचना निघाल्या, उद्या काय. तिने सुरुवातीस लिहिले होते, ‘आजही वडिलांचे काम करणारे काका नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि सर्वांचा खोळंबा झाला.’ महिन्याभराने तिचेच पान असे होते : ‘तालीम ६.३० ऐवजी ६.५५ ला सुरू. वडिलांच्या भूमिकेतील नट ६.५२ ला आले. दरम्यान दुसऱ्या अंकातील दोघींचा प्रवेश दोनदा घेतला.’ पहिल्या वाक्यात तक्रार आहे. दुसऱ्यात वेळ आहे, वस्तुस्थिती आहे, आणि तिने त्या पंचवीस मिनिटांचे काय केले तेही आहे. हा अहवाल दिग्दर्शकापासून शिंप्यापर्यंत सारे वाचतात. ज्यांच्याविषयी लिहिले ते काकाही वाचतात, आणि उद्या त्यांच्याबरोबरच काम करावयाचे असते. ‘नेहमीप्रमाणे’, ‘उगीचच’, ‘कसेबसे’ असले शब्द अहवालातून काढावयास शिकणे हे मला निबंधलेखनाहून कठीण वाटते. आमच्या शिक्षणखात्यातील कित्येक तपासणी-अहवालांनाही ते अजून साधलेले नाही, असो.

दप्तरात काय घालू नये, हेही सांगावयास हवे. संपूर्ण संहिता नको. निवडक सलग पाने पुरतात, आणि नाटककाराच्या हक्काचाही तो प्रश्न आहे. नटांचे पत्ते व दूरध्वनी असलेला तक्ता दाखवावयाचा असेल तर ते आकडे झाकून दाखवावेत. दुसऱ्याने केलेले नेपथ्य आपले म्हणून मांडू नये. छायाचित्राखाली ‘नेपथ्य अमुक यांचे, मांडणी व बदल माझ्याकडे’ असे स्पष्ट लिहावे. चकचकीत कागद, वेलबुट्टी, स्वतःची हसरी छायाचित्रे यांची काही गरज नाही. आजकाल अर्जासोबत दप्तराची पीडीएफ प्रत पाठवावी लागते. तरी समोरासमोर मुलाखत असेल तर चहाचे डाग पडलेले मूळ बाडच बरोबर न्यावे.

मराठी घरांतून एक शंका नेहमी येते : हे सारे कागद मराठीत, मग इंग्रजीत नव्याने लिहून काढावेत काय? मुळीच नाही. काम ज्या भाषेत झाले त्याच भाषेत ते दिसू द्यावे. प्रत्येक पानावर दोन-तीन ओळींची इंग्रजी टीप चिकटवावी : हे पान कशाचे, येथे काय घडते, त्यात माझे काम कोणते. बाण, आकडे आणि नकाशे कोणत्याही भाषेतल्या माणसाला वाचता येतात. आणि परक्या भाषेतले नाटक त्या खुणांवरून परीक्षकाला कळले, तर बाड चांगले असल्याचा याहून मोठा दाखला नाही.

बायोडाटाविषयी बोलताना हसू आवरत नाही. आपल्याकडे बायोडाटा म्हटले की हात आपोआप जन्मवेळ, उंची, वर्ण आणि मामाकुळीकडे वळतो. रंगमंच व्यवस्थापनाचा बायोडाटा एका पानाचा असतो. नाव, संपर्क, मग रकाने करून नाटकाचे नाव, आपले काम, दिग्दर्शक, संस्था वा नाट्यगृह, वर्ष, अलीकडचे काम सर्वांत वर. त्याखाली शिक्षण, आणि मग अंगची कौशल्ये : कोणत्या भाषा येतात, शिवण येते का, प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का, वाद्य किंवा स्वरलेखन कळते का, कारण संगीत नाटकात इशारे शब्दांवर नसतात, मात्रांवर असतात. अभिनयाची पारितोषिके असली तर ती तळाशी एका ओळीत. अमेरिकेत या बायोडाटावर छायाचित्र लावीत नाहीत आणि वय, धर्म, वैवाहिक स्थिती लिहीत नाहीत. आपल्याकडे संस्थेचा छापील अर्ज जे मागेल ते द्यावे. ‘मदत केली’ हे क्रियापद मात्र कोठेही येऊ नये. ‘बावीस तालमींचे अहवाल लिहिले’, ‘एक्केचाळीस इशारे दिले’ असे, जे केले तेवढेच आणि मोजून लिहावे.

मुलाखतीत परीक्षकांनी त्या मुलीच्या बाडाचे एक फाटलेले पान उघडले आणि येथे काय झाले असे विचारले. दुसऱ्या प्रयोगात वीज गेली होती, अंधारात पान फाटले होते. तिने त्या प्रयोगाचा अहवाल काढून पुढे ठेवला. त्यात वीज जाण्याची व येण्याची वेळ होती, नट कोणत्या वाक्यावर थांबले ते होते, आणि प्रेक्षकांना कोणी काय सांगितले तेही होते. उरलेला सारा वेळ त्याच एका पानावर बोलणे झाले. तिला जागा मिळाली. शिष्यवृत्ती मिळाली ती मात्र अपुरी, आणि बाकीची रक्कम त्या घराच्या आवाक्याबाहेरची होती. ती गेली नाही. आज ती येथेच पदवीचा अभ्यास करते आहे, दरम्यान आणखी दोन नाटकांची बाडे तिने बांधली आहेत, आणि पदवीनंतर दिल्लीच्या विद्यालयाचा अर्ज भरणार आहे.

पालक विचारतात, यात पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर पडद्यामागचा कामगार अजून बहुधा प्रयोगागणिक मिळणाऱ्या ‘नाइट’वर जगतो. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद पडली तेव्हा या लोकांचे काय हाल झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. दुसऱ्या बाजूस, वेळापत्रक आखणे, वीस माणसांना एका वेळी एका ठिकाणी आणणे, संकटात आवाज न चढवता सूचना देणे, हे ज्याला येते त्याला नाट्यसंस्थांखेरीज संगीत-महोत्सव, प्रदर्शने, दूरचित्रवाणी येथेही काम असते. मी कोणालाही ‘जा’ किंवा ‘नको’ सांगत नाही. चार वर्षे रात्री अकरापर्यंत विंगेत उभे राहिलेले मूल हौस म्हणून उभे होते की अन्य काही, हे आई-वडिलांनी एकदा विंगेत जाऊन पाहावे आणि मग ठरवावे.

आता शेवटची एक व्यावहारिक गोष्ट शिफारसपत्रांची. परदेशी अर्जांच्या मुदती साधारणतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात संपतात, म्हणजे गणेशोत्सवाचे नाटक आणि दिवाळी आटोपताच. पत्र अध्यक्षांकडून वा नगरसेवकांकडून घेऊ नये. ज्याने तालमीत काम पाहिले त्या दिग्दर्शकाकडून, नेपथ्यकाराकडून किंवा शिक्षकाकडून घ्यावे, आणि ‘मुलगी गुणी व होतकरू आहे’ यापेक्षा तिने कोणती अडचण कशी सोडवली ते त्यात असावे. पत्र लिहिणाऱ्यास बायोडाटाची प्रत आणि निदान महिन्याभराचा अवधी द्यावा. आमच्या कार्यालयात मुदतीच्या आदल्या सायंकाळी, शिपाई कुलूप लावीत असताना येणाऱ्यांची संख्या अजून कमी झालेली नाही.